प्रीस्ट्रेस्ड काँक्रीट पाइल म्हणजे काय? फायदे कोणते, आणि आपल्या घराच्या पायाला ते लागतात का?

हा लेख तुम्ही मोबाइलवर वाचत असाल तर आजच्या विषयाचा एक नमुना बहुतेक तुमच्या हातातच आहे. चांगल्या फोनची काच बनवताना ती वितळलेल्या पोटॅशियम क्षारात बुडवून ठेवतात. काचेच्या पृष्ठभागातले सोडियमचे छोटे आयन बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे आयन घुसतात. जागा तेवढीच, माणसं मोठी! या दाटीमुळे पृष्ठभाग कायमचा दाबाखाली राहतो. काचेला तडा जातो तो ताणामुळे. आता फोन पडला की त्या ताणाला आधी हा दाब संपवावा लागतो, मगच तडा पडणार. म्हणून ती काच साध्या काचेपेक्षा जास्त धक्के सोसते.

नेमकी हीच युक्ती काँक्रीटला लावली की होतं प्रीस्ट्रेस्ड काँक्रीट. आणि त्याचे लांब खांब करून जमिनीत ठोकले की होतात प्रीस्ट्रेस्ड काँक्रीट पाइल.

मी येडशीचा, धाराशिव जिल्ह्यातला. सोलापूर–धुळे हायवेवरचं आमचं गाव. हल्ली घर बांधायला काढलेला कुणी भेटला की मला हमखास एक रील दाखवतो. त्यात मोठं मशीन धडाधड काँक्रीटचे खांब जमिनीत ठोकत असतं. आणि प्रश्न ठरलेला असतो : "दादा, आपण असा पाया घेतला तर घर एकदम पक्कं होईल ना?" याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं एका शब्दात देता येत नाही. ते तुमच्या घराखाली काय आहे त्यावर ठरतं. कसं, ते आज नीट समजून घेऊया.

काँक्रीटची अडचण नेमकी काय?

काँक्रीट दाबायला गेलात तर ते लय दणकट. पण ओढायला किंवा वाकवायला गेलात की लगेच हार मानतं. त्याची ताण सोसायची ताकद दाब सोसायच्या ताकदीच्या साधारण दहावा हिस्सा असते. म्हणून आपण त्यात सळई घालतो. पण साधी सळई मुख्य काम सुरू करते ते काँक्रीटला बारीक तडे गेल्यावर. तडे डोळ्यांना दिसत नाहीत, पण असतात. घराच्या स्लॅबमध्ये ते चालून जातात. खाऱ्या पाण्यात उभ्या असलेल्या खांबात मात्र त्याच तड्यांतून पाणी आत जातं आणि सळई गंजते.

यावरचा उपाय आपल्या बैलगाडीच्या चाकात फार पूर्वीपासून आहे. चाकाची लोखंडी धाव बसवताना ती आधी तापवतात. तापलेली धाव फुगते, लाकडी चाकावर बसते आणि पाणी ओतलं की आकसून चाकाला आवळून धरते. गाडी दगडधोंड्यांतून गेली तरी चाकाचे सांधे उघडत नाहीत, कारण ते आधीपासूनच दाबून धरलेले असतात. 'प्रीस्ट्रेस' म्हणजे हेच, भार येण्याआधीच दिलेला दाब. मराठी पुस्तकांत याला पूर्वप्रतिबलित काँक्रीट म्हणतात. साइटवर मात्र सगळे प्रीस्ट्रेसच म्हणतात.

हे पाइल बनतात कसे?

पाइल म्हणजे जमिनीत खोलवर जाणारा खांब. वरची माती भुसभुशीत असेल तर इमारतीचा भार तिला टाळून खालच्या घट्ट थरावर न्यायचा, किंवा खांबाच्या अंगाला घासणाऱ्या मातीवर वाटून द्यायचा, हे त्याचं काम.

प्रीस्ट्रेस्ड पाइल कारखान्यात तयार होतो. क्रम असा :

१. लांब साच्याच्या दोन टोकांमध्ये खास पोलादी तारा लावतात आणि हायड्रॉलिक जॅकने ताणतात.
२. तारांभोवती स्प्रिंगसारखी गोल रिंग गुंडाळतात.
३. काँक्रीट ओततात आणि बऱ्याचदा वाफ देऊन लवकर घट्ट करतात.
४. काँक्रीट पुरेसं घट्ट झालं की टोकाच्या तारा सोडतात. तारा पूर्ववत आखूड व्हायला बघतात, पण काँक्रीटने त्यांना घट्ट धरलेलं असतं. मग त्या सगळा खांबच दाबून धरतात.

इथे साधी टीएमटी सळई का चालत नाही? कारण काँक्रीट काळानुसार थोडं आकसतं. साध्या सळईला दिलेला ताण मुळातच कमी असतो, त्यातला मोठा भाग या आकसण्यातच संपून जातो. जास्त ताकदीची तार कितीतरी जास्त ताणता येते. तिच्यातला साधारण १५ ते २५ टक्के ताण गेला तरी बाकीचा कामाला उरतो. ही गोष्ट फ्रान्सच्या यूजेन फ्रेसिने या इंजिनिअरने ओळखली आणि १९२८ मध्ये पेटंट घेतलं.

याच प्रकारात पोकळ गोल पाइलही असतात. साचा जोरात फिरवतात, काँक्रीट कडेला फेकलं जाऊन घट्ट बसतं आणि मधे पोकळी राहते. यांना स्पन पाइल म्हणतात. जपान आणि आग्नेय आशियात ते खूप वापरतात.

एक छोटं गणित : फायदा दिसतो कुठे?

समजा १२ मीटर लांब आणि ४०० बाय ४०० मिलिमीटर जाडीचा पाइल आहे. त्याचं वजन भरतं साधारण ४.८ टन. आता हा आडवा पाइल दोन टोकांना धरून उचलला तर तो स्वतःच्याच वजनाने मधे वाकणार. हिशोब केला तर खालच्या बाजूला साधारण ६.७५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर एवढा ताण येतो. एम-५० दर्जाचं काँक्रीट वाकवलं तर ५ च्या आसपास तडकतं. म्हणजे साध्या काँक्रीटचा पाइल जमिनीत जायच्या आधी, क्रेनलाच लटकलेला असताना तडकला!

आता त्याच पाइलला आधीच ५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर दाब देऊन ठेवला (एकूण जोर जवळजवळ ८० टन) तर काय होईल? ६.७५ मधून ५ गेले, उरले १.७५. पाइल सुखरूप. प्रत्यक्षात टोकांना धरत नाहीत, टोकांपासून थोडं आत दोन ठिकाणी धरून उचलतात, त्यामुळे ताण आणखी कमी होतो. पण मुद्दा लक्षात आला असेल : आधी जमा केलेला दाब अडचणीत कामाला येतो, बँकेतल्या शिलकेसारखा.

दुसरी परीक्षा हॅमरची. हॅमरचा घाव वर बसला की दाबाची लाट पाइलमधून सेकंदाला साधारण ४ किलोमीटर वेगाने खाली धावते. १२ मीटरचा पाइल ती सेकंदाच्या ३ हजाराव्या भागात नव्हे, ३ हजारांश सेकंदात, म्हणजे डोळ्याची पापणी हलायच्या कितीतरी आधी, पार करते. खाली माती मऊ असेल तर हीच लाट उलटून 'ताण' बनून वर परत येते. साधं काँक्रीट इथे आडवं तडकू शकतं. प्रीस्ट्रेसचा दाब या उलट्या लाटेला खाऊन टाकतो. गंमत बघा, पाइल ठोकताना खरा धोका कडक जमिनीत जेवढा, तेवढाच मऊ जमिनीतही असतो.

प्रीस्ट्रेस्ड पाइलचे मुख्य फायदे

- तडे कमी, आयुष्य जास्त : बंदर, खाडी, समुद्रकिनारा अशा ठिकाणी खारं पाणी तारांपर्यंत पोचणं अवघड होतं.
- लांब पाइल शक्य : वाहतूक आणि उचल सोसत असल्याने लांब तुकडे करता येतात. मग सांधे कमी लागतात.
- कमी सामानात जास्त काम : तडा नसल्यामुळे खांबाचा पूर्ण छेद वाकण्याला विरोध करतो. पोकळ पाइलमध्ये तर काँक्रीटही वाचतं.
- आधी तपासता येतो : जागेवर भोक पाडून ओतलेल्या पाइलमध्ये खाली माती ढासळली का, काँक्रीटमध्ये चिखल मिसळला का, हे वरून दिसत नाही. कारखान्यातला पाइल ठोकण्याआधी डोळ्यांनी बघता येतो, त्याच्या काँक्रीटची टेस्ट घेता येते.
- ठोकतानाच जमीन बोलते : दर घावाला पाइल किती खाली गेला याची नोंद ठेवतात. त्यावरून खालचा थर घट्ट आहे की नाही याचा अंदाज तिथल्या तिथे येतो.
- वाळू घट्ट होते : सैल वाळूत पाइल घुसताना आजूबाजूची वाळू दाबली जाते आणि जमिनीची ताकद वाढते.
- काम वेगात : साइटवर काँक्रीट घट्ट व्हायची वाट बघावी लागत नाही.

जगात हे कुठे उपयोगी पडलं?

पहिलं मोठं उदाहरण फ्रेसिनेचंच. फ्रान्समधल्या ल आव्र बंदरावरची जहाज प्रवाशांची नवी इमारत खालच्या मऊ मातीत खचू लागली होती. १९३४ च्या सुमारास त्याने जुने पाये प्रीस्ट्रेस्ड बीमने एकमेकांना बांधले, खाली नवे पाइल जॅकने दाबून घातले आणि इमारत वाचवली. तोपर्यंत त्याच्या कल्पनेकडे फारसं कुणी लक्ष देत नव्हतं. या कामानंतर चित्र पालटलं.

दुसरं उदाहरण अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सजवळचं. पाँचरट्रेन सरोवरावरचा साधारण ३८ किलोमीटर लांबीचा पूल १९५६ मध्ये सुरू झाला. तो पोकळ प्रीस्ट्रेस्ड पाइलवर उभा आहे. पाइलचा व्यास जवळजवळ १.३७ मीटर. खाली गाळ आणि मऊ माती, वर पाणी, आणि एकसारखे शेकडो पाइल हवेत. कारखान्यात बनवा, बार्जवर टाका, नेऊन ठोका! या पाइलसाठी यापेक्षा चांगली जागा शोधून सापडणार नाही.

दोन्ही ठिकाणी जमीन मऊ आणि खोलवर मऊ आहे, हे ध्यानात ठेवा. कारण आता आपण येडशीला येतोय.

मग येडशीत असे पाइल का दिसत नाहीत?

येडशी बालाघाटच्या डोंगररांगेत आहे. रामलिंगच्या दरीत उतरलात की दोन्ही बाजूंना काळा पाषाण दिसतो. तो बेसॉल्ट, म्हणजे थंड झालेला लाव्हा. आपल्या बहुतेक भागात जमिनीची रचना अशी असते : वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मुरमाखाली कातळ. डोंगराकडे माती वीतभरच असते, ओढ्याकाठी ती बरीच खोल जाते.

आता विचार करा. दीड मीटरवर मुरूम लागत असेल तर १२ मीटरचा पाइल ठोकणार कुठे? ठोकायचा पाइल कातळात घुसत नाही. जोर केला तर त्याचं टोक फुटतं. शिवाय उघड्या पायाचं फुटिंग थेट मुरमावर किंवा कातळावर टेकत असताना त्याच्यासाठी पाइलचा खर्च कशाला?

आमच्या चुलत्यांनी घर बांधायला काढलं तेव्हा एकाने त्यांना 'पाइल फाउंडेशन'चा दर सांगितला. म्हणे, पुढच्या तीन पिढ्यांना बघायला नको. चुलते जवळजवळ तयार झाले होते, कारण घरातल्या सगळ्यांच्या मनात १९९३ अजून ताजं आहे. मी म्हटलं, "नाना, आधी खड्डा घेऊ, मग ठरवू." जेसीबीने प्लॉटच्या दोन कोपऱ्यांत खड्डे घेतले. एकीकडे चार फुटांवर मुरूम, दुसरीकडे साडेपाच फुटांवर. इंजिनिअरने सगळी फुटिंग मुरमात नेली आणि पाइलचा विषय तिथेच संपला. वाचलेल्या पैशात चुलत्यांनी प्लिंथ बीम आणि लिंटेल बँड व्यवस्थित करून घेतले.

ते का महत्त्वाचं, हे आपल्या भागात वेगळं सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी–सास्तूर भागात भूकंप झाला, हजारो माणसं गेली. त्यात बहुतेक बळी घेतले ते मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि वरच्या जड माळवदांनी. पाया कितीही खोल असला तरी वरच्या भिंती एकमेकींना बांधलेल्या नसतील तर घर सुरक्षित होत नाही. म्हणून पैसा कुठे घालायचा हा प्रश्न जिवाशी जोडलेला आहे.

काळी माती खोल असेल तर?

आपली खरी डोकेदुखी मऊ गाळ नसून फुगणारी माती आहे. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला भेगा पडतात. वर हलकं घर असेल तर माती त्याला दरवर्षी वर-खाली हलवते. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा निघतात, दारं अडकायला लागतात.

यावर आपल्याच देशातला उपाय आहे : अंडर-रीम्ड पाइल. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने यावर बरंच काम केलं. जमिनीत बोअर घ्यायचा, तळाशी खास हत्याराने तो रुंद करायचा आणि मग सळई घालून काँक्रीट ओतायचं. तळाचा फुगवटा खांबाच्या साधारण अडीच पट व्यासाचा असतो. खोल काळ्या मातीत हे पाइल किमान ३.५ मीटर खाली नेतात, कारण त्याखाली मातीतला ओलावा ऋतूप्रमाणे फारसा बदलत नाही. वरची माती कितीही हलली तरी खालचा फुगवटा नांगरासारखा घराला धरून ठेवतो. यात प्रीस्ट्रेसिंग नाही, मोठा हॅमरही नाही. तरी या मातीसाठी हाच योग्य.

मुंबईतही वेगळी गोष्ट नाही. खाडीचा चिखल वर असला तरी खाली बेसॉल्टच आहे. म्हणून जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या अटल सेतूचे पाइल ठोकलेले नाहीत. ते भोक पाडून, कातळात नेऊन जागेवर ओतलेले आहेत. एवढा मोठा सागरी पूल, तरी निर्णय शेवटी जमिनीनेच घेतला.

तोटे पण माहीत असू द्या

- ठोकताना आवाज आणि हादरे खूप. दाट वस्तीत, जुन्या घरांशेजारी हे धोक्याचं.
- मोठा ट्रेलर, क्रेन आणि रुंद रस्ता लागतो. गावातल्या बोळात हे शक्य नाही.
- थर अंदाजापेक्षा वर लागला तर उरलेला पाइल कापून टाकावा लागतो, खाली लागला तर जोडावा लागतो.
- तारा सतत ताणाखाली असतात, त्यामुळे त्या गंजल्या तर धोका मोठा. गोव्यात पणजीजवळचा मांडवी नदीवरचा पूल जुलै १९८६ मध्ये कोसळला, तेव्हा तो जेमतेम १५ वर्षांचा होता. त्याच्या वरच्या भागातल्या प्रीस्ट्रेसिंग केबलचं गंजणं हे त्यामागचं महत्त्वाचं कारण मानलं जातं. ती पद्धत पाइलपेक्षा वेगळी होती, पण धडा तोच : घट्ट काँक्रीट आणि पुरेसं कव्हर नसेल तर प्रीस्ट्रेसचा फायदा उलटतो.

येडशीत प्रीस्ट्रेस बघायचंय? स्टेशनवर जा

पाइल नसले तरी प्रीस्ट्रेस्ड काँक्रीट आपल्या गावात आहेच. कुर्डुवाडी–लातूर लाइन पूर्वी बार्शी लाइट रेल्वेची होती, ७६२ मिलिमीटर रुंदीची छोटी लाइन. २००८ पर्यंत ती ब्रॉडगेज झाली. आता प्लॅटफॉर्मवर उभं राहून रुळांखाली बघा (रुळांवर उतरू नका). ते काँक्रीटचे स्लीपर प्रीस्ट्रेस्ड आहेत. रेल्वेच्या बरीच वर्षं चालत आलेल्या ब्रॉडगेज स्लीपरमध्ये १८ स्ट्रँड असतात, प्रत्येक स्ट्रँड ३ मिलिमीटरच्या तीन तारांचा पीळ. प्रत्येकाला २७३० किलोचा ताण देतात, म्हणजे एकूण ४९ टनांच्या आसपास. गाडीचं प्रत्येक चाक म्हणजे त्याच्यावर एक घाव. पाइल हॅमरखाली काही वेळ जे सोसतो, ते हा स्लीपर वर्षानुवर्षं सोसतो.

घर बांधण्याआधी हे करा

१. प्लॉटच्या किमान दोन-तीन ठिकाणी खड्डा घ्या. मुरूम किती फुटांवर लागतो ते लिहून ठेवा, फोटो काढा.
२. माती फुगते का बघा. चाळलेली कोरडी माती १०-१० ग्रॅम घेऊन एक वाटा पाण्याच्या, दुसरा रॉकेलच्या मोजपात्रात टाका. २४ तासांनी दोन्हीकडची मातीची पातळी वाचा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पाण्यातली माती त्याच्या दीडपट किंवा जास्त दिसली तर सावध व्हा आणि लॅबमधून रीतसर टेस्ट करून घ्या.
३. सगळी फुटिंग एकाच प्रकारच्या थरावर टेकू द्या. अर्धं घर मुरमावर आणि अर्धं काळ्या मातीवर, असं अजिबात नको.
४. छपराचं आणि मोरीचं पाणी पायापासून लांब काढा.
५. कुणी 'पाइल टाकू' म्हटलं तर तीन प्रश्न विचारा : कोणता पाइल? किती खोल? आणि त्या खोलीवर कोणता थर आहे? तिसऱ्याचं उत्तर खड्डा किंवा बोअर न घेता मिळत असेल तर तो अंदाज आहे, डिझाइन नाही.

थोडक्यात सांगायचं तर

प्रीस्ट्रेस्ड काँक्रीट पाइल ही खरोखर भारी गोष्ट आहे. खोल मऊ माती, खारं पाणी, लांब पूल, बंदरं अशा कामांत त्याला तोड मिळणं अवघड. पण त्याचे फायदे खांबात जेवढे आहेत तेवढेच खालच्या मातीत आहेत. येडशीच्या मुरमावर साधं, नीट केलेलं फुटिंगच जिंकतं. त्यामुळे पुढच्या वेळी कुणी रील दाखवून "असाच पाया करू" म्हणालं, तर त्याला आधी आपल्या प्लॉटमध्ये एक खड्डा घ्यायला सांगा. जेसीबीच्या तासाभराच्या भाड्यात पायाचा अर्धा निर्णय होऊन जातो.